फ्यूम हूड हवा ओढतो का, हे एकदा मोजून पाहा

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी परिसरातील पीयू (अकरावी-बारावी) व पदवी विज्ञान महाविद्यालये

विषय: प्रयोगशाळांतील फ्यूम हूड चालू स्थितीत ठेवणे आणि लॅब अटेंडरच्या श्वासाची काळजी घेणे

सन्माननीय महोदय आणि भगिनींनो,

मी या भागात आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले. प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या अनेक प्रयोगशाळांत जाणे झाले. आपल्या संस्था कशा उभ्या राहिल्या ते मी पाहिले आहे. कुणी जमीन दिली, कुणी उसाच्या बिलातून देणगी दिली, कुणी गावोगाव वर्गणी मागत फिरले. कला शाखेपेक्षा विज्ञान शाखा चालवणे किती महागात पडते, याचीही मला कल्पना आहे. हे सगळे ध्यानात ठेवूनच एक मागणी करतो आहे.

पावसाळा सुरू होण्याआधी आपल्या प्रत्येक प्रयोगशाळेतल्या फ्यूम हूडच्या, म्हणजे घातक वायू ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटाच्या, तोंडाशी हवेचा वेग मोजून घ्या. तो आकडा आणि तारीख हूडच्या काचेवर चिकटवा. जो हूड हवा ओढत नाही, त्यावर ‘वापरू नये’ अशी पाटी लावा आणि यंदाच्या बजेटमधला पहिला पैसा त्याच्या दुरुस्तीला द्या.

संलग्नतेची समिती येते, नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती येते, तेव्हा यादीत ‘फ्यूम हूड आहे का?’ असा प्रश्न असतो. उत्तर ‘आहे’ असे लिहिले जाते आणि ते खरेही असते. कोपऱ्यात काचेचे दार असलेले ते कपाट उभे असते. पण ब्लोअर, म्हणजे हवा ओढणारा पंखा, चालू केला तर हवा कुठून आत शिरते आणि कुठून बाहेर पडते, हे समितीसमोर कुणी करून दाखवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. अनेक ठिकाणी मी काच वर केली तेव्हा आत आम्लांच्या बाटल्या, जुने ब्युरेट, फुटके स्टँड आणि कधीतरी गुंडाळून ठेवलेले तक्ते दिसले. ब्लोअरचे बटण दाबल्यावर वर कुठेतरी घरघर ऐकू यायची. त्या आवाजावर सगळ्यांचा विश्वास. काचेखाली टिश्यू पेपरची पट्टी धरली तर ती जागची हलत नसे. एके ठिकाणी तर ती बाहेरच्या बाजूला फडफडली, कारण छतावरचा वारा डक्टमधून, म्हणजे हवा बाहेर नेणाऱ्या नळकांड्यातून, उलटा खाली येत होता.

असा हूड नसलेल्या हूडपेक्षा जास्त घातक असतो. हूड नसेल तर शिक्षक खिडक्या उघडतो, रसायन कमी घेतो, मुलांना लांब उभे करतो. हूड असला की त्याच्या भरवशावर माणूस तोंड जवळ नेतो.

आता हे यंत्र काम कसे करते ते थोडक्यात सांगतो, कारण मंजुरी आपल्याला द्यायची आहे. चुलीवरचे धुराडे आपल्या सगळ्यांच्या घरी होते. फरक एवढाच की धुराड्यात धूर स्वतःच्या उष्णतेने वर चढतो, आणि प्रयोगशाळेतले बहुतेक वायू थंड व हवेपेक्षा जड असतात. क्लोरीन, ब्रोमीनची वाफ, हायड्रोजन सल्फाइड, नायट्रोजन डायऑक्साइड हे खाली बसणारे वायू आहेत. त्यांना ओढून न्यावे लागते. म्हणून हूडच्या मागच्या भिंतीला पुढे एक पडदा असतो आणि त्याला वर, मध्ये आणि तळाशी फटी ठेवलेल्या असतात. तळाची फट जड वायूंसाठी. बाटल्या मागे रेटून ठेवल्या की सगळ्यात आधी हीच फट बुजते. मग ब्लोअर कितीही ताकदीचा असो, जड वायू पुढे सरकून काचेखालून बाहेर येतो, थेट उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर.

काचेखालच्या उघड्या जागेतून हवा आत शिरण्याचा वेग मिनिटाला साधारण ८० ते १२० फूट असावा. मधला आकडा १०० धरतात, म्हणजे सेकंदाला सुमारे अर्धा मीटर. त्याहून बराच कमी असेल तर वायू बाहेर गळतो. खूप जास्त, म्हणजे दीडशेच्या वर गेला, तरी आत भोवरे होतात आणि त्यातून वायू पुढे फेकला जातो. म्हणजे मोठा पंखा बसवला की काम झाले, असे होत नाही. ठेकेदार बहुधा हेच सुचवतो, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

हिशेब करून पाहू. चार फूट रुंद हूडची काच दीड फूट उघडी ठेवली तर तोंड सहा चौरस फुटांचे झाले. वेग १०० फूट धरला तर मिनिटाला ६०० घनफूट हवा बाहेर जाते. तीस फूट लांब, वीस फूट रुंद, बारा फूट उंच अशा खोलीत ७,२०० घनफूट हवा मावते. म्हणजे एक हूड बारा मिनिटांत खोलीभर हवा बाहेर टाकतो. तेवढी हवा खोलीत कुठून तरी आली पाहिजे. दारे-खिडक्या सगळ्या घट्ट बंद असतील तर हूडला ओढायला हवाच मिळत नाही. दोन हूड असतील तर जोरकस हूड दुसऱ्याच्या डक्टमधून हवा खेचतो, म्हणजे दुसऱ्या हूडमधला वायू खोलीत येतो. एसी बसवलेल्या नव्या प्रयोगशाळांत हे हमखास होते. आत येणाऱ्या हवेसाठी दाराला खालून जाळी ठेवणे किंवा हूडपासून लांबच्या भिंतीत झरोका ठेवणे हा साधा उपाय आहे, पण तो आर्किटेक्टला आधी सांगावा लागतो.

हूडच्या समोर डोक्यावर पंखा गरगरत असेल तर मोजमापाचा उपयोग नाही. सावकाश चालणारा माणूससुद्धा सेकंदाला मीटरभर वेगाने जातो, म्हणजे हूडच्या हवेच्या दुप्पट. त्याच्या मागे खेचली जाणारी हवा काचेखालून वायू बाहेर काढते. म्हणून हूड दाराशेजारी किंवा ये-जा असलेल्या वाटेवर नको. त्याच्या बाजूच्या भिंतीत एक्झॉस्ट फॅन तर मुळीच नको, कारण तो हूडच्या तोंडातून हवा उलटी काढतो. आपल्याकडे ‘दोन्ही आहेत, दुप्पट सुरक्षा’ असा समज आहे.

आता माणसांकडे वळतो. हे पत्र त्यांच्यासाठीच आहे.

पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाचे सॉल्ट अ‍ॅनालिसिस, म्हणजे दिलेला क्षार ओळखण्याचे प्रयोग, आपल्याला आठवत असतील. क्लोराइड ओळखायला मीठ, मँगनीज डायऑक्साइड आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल तापवायचे, क्लोरीन निघतो. नायट्रेट असेल तर तांब्याचा किस टाकून तापवायचे, तपकिरी धूर येतो. अमोनियम असेल तर कॉस्टिक सोडा टाकून तापवल्यावर अमोनिया. सल्फाइड असेल तर सडक्या अंड्याचा वास आणि लेड अ‍ॅसिटेटचा कागद काळा. हे सगळे एका बॅचची वीस-पंचवीस मुले एकाच वेळी टेबलावर करतात, कारण हूड एकच आणि तोही भरलेला. प्रयोगशाळेच्या खिडक्यांच्या काचांवर जो पांढरट थर असतो, तो धूळ समजून पुसला जातो. तो अमोनियम क्लोराइडचा असतो. हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि अमोनिया हवेत भेटले की तो तयार होतो. काचेवर जे बसले ते दिसते. श्वासात गेलेले दिसत नाही.

मुले आठवड्यातून काही तास प्रयोगशाळेत असतात आणि दोन-तीन वर्षांत निघून जातात. शिक्षक पुढच्या टेबलाशी असतो, मधूनच वर्गावर जातो. अटेंडर मात्र सकाळी सगळ्यांच्या आधी येतो. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल तो ओततो, नायट्रिक आम्ल पातळ करतो, अमोनियाची बाटली फोडतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात अमोनियाच्या बाटलीत वायूचा दाब वाढलेला असतो. बाटली आधी थंड न करता बूच काढले तर वायू फसकन तोंडावर येतो. अशा वेळी मान फिरवून, श्वास रोखून बूच काढणारे अटेंडर मी पाहिले. कुणी त्यांना ते शिकवले नव्हते. ते एकदा भाजल्यावर शिकले होते. एका महाविद्यालयातला अटेंडर मला म्हणाला होता, “सर, सुटीत माझा खोकला थांबतो.” तपासणीसाठी यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा? नोकरी संपेपर्यंत त्याच्या हाताखालून किती आम्ल गेले असेल, याचा हिशेब कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतो. स्टॉक रजिस्टरमध्ये खपाचे लिटर लिहिलेले असतात, श्वासाचा रकाना नसतो. आणि आता तर अनेक ठिकाणी अटेंडर कंत्राटी आहेत. दुखले-खुपले तर पुढच्या वर्षी दुसरा माणूस येतो आणि आधीच्याचे काय झाले ते कुणी विचारत नाही.

हायड्रोजन सल्फाइडबद्दल दोन ओळी जास्त लिहितो. ‘वास येईल तेव्हा बाहेर पडू’ असे प्रयोगशाळेत सर्रास म्हणतात. या वायूचा वास हवेत एक पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत एका भागापेक्षा, कमी असतानाही येतो, हे खरे. पण प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेले की नाक बधिर होते आणि वास यायचा थांबतो. माणसाला वाटते, वायू निघून गेला. ५०० पीपीएमच्या वर काही मिनिटांत माणूस कोसळतो. नायट्रिक आम्लाच्या तपकिरी धुराचे वागणे वेगळे. तो छातीत गेला तर त्या वेळी थोडा खोकला येतो, मग बरे वाटते, माणूस घरी जातो, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरायला लागते. तेव्हा डॉक्टरांना ‘कॉलेजमध्ये काय झाले होते’ हे सांगायला कुणी नसते. म्हणून असा धूर लागलेल्या माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे आणि वायूचे नाव चिठ्ठीवर लिहून द्यावे. ही सूचना प्रत्येक हूडशेजारी लावलेली असावी.

आणि ती मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असावी. कणकुंबी, जांबोटीकडून मराठी माध्यमात दहावी झालेली मुले बेळगावला पीयू सायन्सला येतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातात इंग्रजी लेबलची बाटली येते. हुशार मुले आहेत, सहा महिन्यांत सरावतात. पण धोक्याची सूचना समजायला सहा महिने देता येत नाहीत. चिकोडीकडच्या कन्नड माध्यमातल्या मुलांचीही हीच अवस्था. भाषेवरून आपल्या भागात पुष्कळ झाले आहे. या एका पाटीवर तिन्ही भाषा शेजारी शेजारी नांदायला कुणाची हरकत असू नये.

१९४८ च्या कारखाना कायद्यात कलम १४ होते. धूळ किंवा धूर जिथे निर्माण होतो, त्या जागेच्या शक्य तितक्या जवळ तो ओढून घेणारे साधन बसवावे आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करावी, असे त्यात लिहिले होते. फ्यूम हूडची याहून नेमकी व्याख्या मी अजून वाचलेली नाही. त्याच कायद्याच्या परिशिष्टात कामगाराने आठ तासांत सरासरी किती वायू सोसावा याची मर्यादा होती: हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएम, अमोनिया २५ पीपीएम. म्हणजे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या फौंड्रीतल्या, धातू ओतणाऱ्या कामगारासाठी या देशाने आकडा ठरवला. कॉलेज हा कारखाना नसल्याने अटेंडरसाठी कुणी निरीक्षक येत नाही. म्हणून आपल्याकडे आलो आहे. त्याच्यासाठी निरीक्षक आपणच आहात.

बेळगावच्या पावसाचा आणि हूडचा संबंध स्वतंत्रपणे सांगायला हवा, कारण पुण्या-मुंबईच्या ठेकेदाराला तो कळत नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस पश्चिमेच्या वाऱ्यासकट येतो, खानापूर भागात तर आडवा येतो. प्रयोगशाळेच्या खिडक्या बंद होतात. ज्या चार महिन्यांत प्रॅक्टिकलची गाडी जोरात असते, त्याच चार महिन्यांत खोली कोंडलेली असते. पाणी आत येऊ नये म्हणून छतावरच्या नळकांड्याला छत्रीसारखी टोपी बसवतात. ती टोपी बाहेर पडणारा वायू खाली दाबते, तो छतावर पसरतो आणि वरच्या मजल्याच्या खिडकीतून परत आत येतो. टोपीऐवजी नळकांडे सरळ वर, छतापासून किमान दहा फूट उंच न्यावे. त्याच्या डोक्याभोवती थोडी मोठी बाही बसवली की पावसाचे पाणी बाहीच्या फटीतून बाहेर ओघळते आणि वायू सरळ वर जातो. ब्लोअर छतावरच, नळकांड्याच्या टोकाजवळ असावा. तसे केले की खोलीपासून ब्लोअरपर्यंतच्या डक्टमध्ये हवेचा दाब कमी राहतो आणि कुठे भोक पडले तरी हवा आत ओढली जाते, वायू बाहेर येत नाही. ब्लोअर खाली हूडवरच बसवला तर वरच्या डक्टमध्ये दाब वाढतो आणि प्रत्येक सांध्यातून वायू वर्गांमध्ये गळतो. आवाज जास्त, सुरक्षा कमी. काही ठिकाणी तर डक्ट भिंतीतून काढून व्हरांड्यात सोडलेला मी पाहिला, जिथे मुले डबे खातात.

डक्ट पत्र्याचा असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेने तो काही वर्षांत आतून खाल्ला जातो. पीव्हीसी, पॉलिप्रॉपिलीन किंवा फायबरचा डक्ट टिकतो. उन्हाळ्याच्या सुटीत नळकांड्याच्या तोंडाशी पाखरे घरटी करतात. शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी एकदा वर चढून पाहणे, एवढेच त्याचे काम. वीज गेली तर काच पूर्ण खाली ओढायची आणि बर्नर बंद करायचा, ही शिस्त मुलांना पहिल्याच प्रॅक्टिकलला लावावी. जनरेटरवर ऑफिसचा एसी असेल तर हूडचा ब्लोअरही त्यावर असावा, ही विनंती मी सचिवांना खास करतो.

डक्टचा खर्च टाळायला हल्ली कार्बन फिल्टरचे बिनडक्टचे हूड दाखवतात. सेल्समन सांगतो, आणा, प्लग लावा, झाले. साधा कार्बन सगळे वायू धरत नाही आणि जे धरतो त्यांनीही तो एक दिवस भरतो. भरल्यावर वायू सरळ पार होतो आणि फिल्टर भरला हे डोळ्यांना दिसत नाही. ज्या प्रयोगशाळेत रोज नवे मीठ, नवे आम्ल, तीस वेगवेगळे हात, तिथे हे साधन घेऊ नका. एकाच ठरलेल्या रसायनाच्या कामाला, फिल्टर वेळेवर बदलणारा माणूस असेल तर, ते ठीक आहे.

यापेक्षा मोठा गोंधळ मायक्रोबायॉलॉजीत आणि डीएमएलटीच्या, म्हणजे वैद्यकीय लॅब तंत्रज्ञांच्या पदविकेच्या, वर्गांत आहे. तिथल्या काचेच्या कपाटाला सगळे ‘लॅमिनार’ म्हणतात आणि ते हूडसारखेच दिसते. पण लॅमिनार फ्लो बेंचमधली गाळलेली हवा आतून बाहेर, काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. त्याचा हेतू पेट्री डिश स्वच्छ ठेवणे हा आहे. त्यात कुणी क्षयरोग्याची थुंकी उघडली तर पंखा ते जंतू थेट काम करणाऱ्याच्या नाकाकडे पाठवतो. त्या कामाला बायोसेफ्टी कॅबिनेट लागते, निदान क्लास टू. त्यात पुढून हवा आत ओढली जाते, वरून गाळलेली हवा खाली येते आणि बाहेर जाणारी हवा हेपा फिल्टरमधून जाते, जो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. नमुना, माणूस आणि खोली, तिन्हींचे रक्षण होते. पण हेपा फिल्टर कण अडवतो, वायू अडवत नाही. क्लोरोफॉर्म किंवा फॉर्मॅलिनची वाफ त्यातून सरळ जाते. तीन कपाटे, तीन कामे. खरेदीच्या कोटेशनवर नुसते ‘लॅमिनार एक नग’ असे लिहून येईल तेव्हा आपण विभागप्रमुखांना बोलावून एकच विचारा: या कपाटात काय उघडणार आहात?

फॉर्मॅलिनचे नाव निघाले म्हणून प्राणिशास्त्राचे सांगतो. बरण्यांतले नमुने बदलण्याचे काम दर वर्षी अटेंडरच करतो, तेही म्युझियमच्या बंद खोलीत. फॉर्मॅल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये गट १ मध्ये टाकले, म्हणजे माणसात कर्करोग करणारे असे निश्चित ठरलेले. बरण्या बदलण्याच्या दिवशी त्या रसायनशास्त्राच्या हूडमध्ये नेऊन बदलाव्यात. दोन विभागांतले अंतर एक जिना असते.

आपली मुले पुढे कुठे जातात ते पाहा. बी.एस्सी. झालेली किती तरी मुले चिकोडी, अथणी, रायबागकडच्या साखर कारखान्यांच्या लॅबमध्ये गळीत हंगामात लागतात. उसाच्या रसाची पोल, म्हणजे साखरेचे प्रमाण, काढण्याआधी रस निवळायला लेड सबअ‍ॅसिटेटची पूड वापरण्याची जुनी पद्धत आहे. ती पूड चमच्याने घेताना उडते आणि शिसे श्वासातून रक्तात जाते. शिसे नसलेले पर्याय बाजारात आहेत, पण जिथे जुनी पूड वापरतात तिथे ती हूडमध्येच उघडायला हवी. काही मुले उद्यमबाग, मच्छेच्या फौंड्र्यांत जातात. तिथे बिडाच्या नमुन्यातले सिलिकॉन काढायला आम्लांत विरघळवण्याची पद्धत अजून काही ठिकाणी चालते. त्यातले पर्क्लोरिक आम्ल तापवले की त्याची वाफ डक्टमध्ये थिजून पर्क्लोरेटचे स्फटिक बसतात आणि नंतर कुणी डक्टवर हातोडा मारला तरी स्फोट होऊ शकतो. त्यासाठी पाण्याने धुतला जाणारा वेगळा हूड लागतो. सिलिकाच्या शुद्धतेसाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात, जे पातळ असेल तर कातडीवर लागल्यावर लगेच दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत पोचते. शेजारी कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम नसेल तर ती बाटली उघडूच नये. हे सगळे मुलगा कुठे शिकणार? कॉलेजात काच वर ठेवून, डोके आत घालून काम करायची सवय लागली तर तो तीच घेऊन कारखान्यात जातो. निपाणीच्या वखारींत तोंडाला पदर बांधून तंबाखूच्या धुळीत राबलेल्या आया-आज्यांची ही नातवंडे आहेत. शिकून तरी त्यांच्या फुप्फुसांची धुळीतून सुटका व्हावी.

हूड असला म्हणून सगळे संपले, असेही नाही. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरन वेटरहान १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरी हे पाऱ्याचे विषारी संयुग हाताळत होत्या. हूडमध्येच काम चालू होते, हातात लॅटेक्सचे मोजे होते. मोज्यावर पडलेले थोडे थेंब लॅटेक्समधून आरपार गेले. जून १९९७ मध्ये त्या गेल्या. योग्य मोजे, चष्मा आणि हूड हे तिन्ही बरोबरच लागतात. पण मोजे आणि चष्म्याची खरेदी आपण करता, कारण ती स्वस्त आहे आणि फोटोत दिसते. हूडचा ब्लोअर छतावर असतो, तो कुणाच्या फोटोत येत नाही.

खर्चाचे बोलतो. डक्ट आणि ब्लोअरसह नवा हूड लाखांत जातो, हे मला माहीत आहे. मी सगळीकडे नवा हूड मागत नाही. वेग मोजायचा अ‍ॅनिमोमीटर काही हजार रुपयांत येतो आणि शेजारच्या चार संस्थांनी मिळून एक घेतला तरी चालतो. काचेखालच्या उघड्या जागेचे फूटभर चौकोन पाडायचे, प्रत्येकाच्या मध्ये वेग मोजायचा, सरासरी काढायची. एखादा चौकोन बाकीच्यांपेक्षा फार मागे असेल तर मागची फट बुजलेली आहे किंवा समोर काहीतरी ठेवले आहे. मग उदबत्ती पेटवून धूर कुठे वळतो ते पाहायचे. तो काचेच्या खालच्या कडेपाशी घुटमळत असेल तर काम करणाऱ्याला तिथे उभे करू नका. हूडमधल्या बाटल्या हलवायला हवा खेळती असलेले आम्लांचे वेगळे कपाट घ्यावे लागेल, तो एक खरा खर्च आहे. हूडच्या टेबलावर कडेपासून सहा इंच आत एक रेघ रंगवायची आणि त्या रेघेच्या अलीकडे काहीही उघडायचे नाही. हे रंगवायला पैसे लागत नाहीत. काच किती वर उचलायची तिथे खूण करायची, त्यालाही लागत नाहीत. बहुतेक ठिकाणी एवढ्यानेच वेग ठीक येईल. जिथे येणार नाही, तिथे ब्लोअरचा बेल्ट, पंख्याची उलटी फिरकी, गंजलेला डक्ट, यांपैकी एक कारण निघेल. थ्री फेजची वायर बदलताना पंखा उलटा फिरायला लागलेला आणि कित्येक दिवस कुणाच्या लक्षात न आलेला असाही हूड मी पाहिला आहे. उलटा फिरणारा पंखाही थोडी हवा ओढतोच, म्हणून फसगत होते.

मोजमाप मे महिन्यातच करून घ्या. डक्टचे काम निघाले तर प्रयोगशाळा बंद ठेवावी लागते आणि जूनमध्ये पावसात छतावर कारागीर चढत नाही. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्यावा आणि त्या दिवशी मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांबरोबर लॅब अटेंडरलाही बैठकीला बोलवावे. कोणत्या हूडसमोर डोळे चुरचुरतात, कुठली बाटली उघडताना छाती भरते, कुठल्या खिडकीतून धूर परत येतो, हे त्याला कुठल्याही यंत्राआधी माहीत असते. मोजमापाच्या वेळी तो तिथे हजर असावा आणि काचेवरचा आकडा त्याच्याच हाताने लिहिला जावा. कुणा संस्थेला मोजायला माणूस हवा असेल तर मी येईन, खानापूर असो की निपाणी. मानधन नको. छतावर चढायला शिडी तेवढी तयार ठेवा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापक
बेळगाव